स्क्रिप्ट तोडावी कुठे?

गेममधली तीच ती कामं आपोआप व्हावीत म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. तीस-चाळीस ओळींची फाइल वाढत वाढत सहाशे ओळींवर जाते, तिच्यात काही सापडेनासं होतं, आणि कुणीतरी सांगतं की आता हिचे तुकडे कर. दुसरा कुणी लगेच बजावतो की तुकडे केलेस तर स्क्रिप्ट मंदावेल, सगळं एकाच फाइलीत राहू दे. दोघंही आपापल्या गेमच्या अनुभवावरून बोलत असतात, आणि दोघांचा अनुभव खरा असू शकतो. गोंधळ होतो तो ‘फाइल वेगळी करणं’ या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन निराळी कामं दडलेली असल्यामुळे. एक विभागणी लिहिणाऱ्याच्या सोयीची असते. मजकूर दोन फाइलींत असतो, पण चालताना तो एकत्र येऊन एकच स्क्रिप्ट म्हणून चालतो. दुसरी विभागणी चालण्यातली असते. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे सुरू होते, स्वतंत्रपणे थांबते आणि तिचा खर्चही स्वतंत्र मोजला जातो. पहिल्या विभागणीचा वेगावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. दुसरीने मोठा फायदा होऊ शकतो, तसाच तोटाही. म्हणून तुकडे करण्याआधी ठरवायचं ते एवढंच, की आपला गेम किंवा आपली भाषा नेमकं काय मोजते आणि ते कुठे मोजते.

अंजनवेलच्या वाचकांना या दोन विभागण्यांचं मोठं उदाहरण घराशेजारीच आहे. दाभोळचा म्हणून ओळखला जाणारा वीज प्रकल्प खरं तर वाशिष्ठी नदीच्या दक्षिण काठावर, अंजनवेलच्या बाजूला उभा आहे. सुमारे १,९६७ मेगावॉटचा हा प्रकल्प तीन ब्लॉकमध्ये विभागलेला आहे, आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये दोन गॅस टर्बाइन आणि एक स्टीम टर्बाइन आहे. गॅसच्या टंचाईने प्रकल्प बंद पडला आणि २०१५ च्या अखेरीस रेल्वेला ५०० मेगावॉट वीज द्यायचं ठरलं, तेव्हा या रचनेचं मोल दिसलं. एवढी मागणी एका ब्लॉकच्या क्षमतेत बसणारी होती, तेवढ्यासाठी सगळा प्रकल्प पेटवायची गरज नव्हती. ही चालण्यातली विभागणी झाली. पुढे २०१८ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीतून द्रवरूप गॅसचं टर्मिनल वेगळं काढलं गेलं आणि कोकण एलएनजी ही निराळी कंपनी झाली. त्याने मालकी, हिशेब आणि जबाबदारी स्पष्ट झाली, आणि हा लाभ खराच आहे. पण ब्रेकवॉटर अपुरा असल्यामुळे पावसाळ्यात जहाजं लागत नसत, ती अडचण कंपनी वेगळी झाल्याने सुटली नाही. त्यासाठी समुद्रात बांधकामच करावं लागणार होतं. स्क्रिप्टच्या बाबतीत चालण्यातला लाभ हवा असताना अशी केवळ सोयीची विभागणी केली जाते आणि मग ‘फाइली वेगळ्या केल्या, पण काही फरक पडला नाही’ अशी तक्रार ऐकू येते.

हे आकड्यांत तपासायला बिटबर्नर हा गेम सर्वांत सोयीचा आहे. तो फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, ब्राउझरमध्ये चालतो, आणि जावास्क्रिप्टमध्ये स्क्रिप्ट लिहिणं हाच त्यातला खेळ आहे. त्यात कल्पित सर्व्हर असतात. त्यांच्यातून पैसे काढणारं हॅक, पैसे पुन्हा वाढवणारं ग्रो आणि वाढलेली सुरक्षा उतरवणारं वीकन अशी तीन मुख्य फंक्शनं असतात. प्रत्येक स्क्रिप्टला गेममधली रॅम लागते, आणि तिचा हिशेब उघड आहे. कोणतीही स्क्रिप्ट सुरू झाली की १.६ जीबी, त्यात हॅक असेल तर आणखी ०.१०, ग्रो किंवा वीकन असेल तर प्रत्येकी ०.१५. सर्व्हरवरचे पैसे, जास्तीत जास्त पैसे, सध्याची सुरक्षा आणि किमान सुरक्षा विचारणारी चार फंक्शनं प्रत्येकी ०.१० घेतात. एक फंक्शन स्क्रिप्टमध्ये दहा वेळा वापरलं तरी त्याची किंमत एकदाच लागते. मात्र स्क्रिप्ट जितक्या थ्रेडवर चालवाल तितक्या पटीने एकूण रॅम लागते. हा शेवटचा नियम सगळ्यांत महत्त्वाचा, कारण वापरात नसलेल्या फंक्शनचा बोजाही प्रत्येक थ्रेडला वाहावा लागतो.

आता हिशेब मांडू. स्थिती तपासून हॅक, ग्रो किंवा वीकन यांपैकी योग्य ते काम करणारी, सगळं पोटात असलेली एकच फाइल लिहिली तर तिला २.४ जीबी लागतात. ३२ जीबीच्या सर्व्हरवर तिचे १३ थ्रेड बसतात. हीच तीन कामं तीन फाइलींत टाकली, प्रत्येक फाइलीत एकच फंक्शन ठेवलं, तर हॅकच्या फाइलीला १.७० आणि ग्रो किंवा वीकनच्या फाइलीला १.७५ जीबी लागतात. त्याच सर्व्हरवर आता १८ थ्रेड बसतात. ६४ जीबीवर हा फरक २६ विरुद्ध ३६ असा होतो. कोडमधलं एकही वाक्य जास्त हुशार झालेलं नाही. केवळ विभागणीची रेघ गेम जिथे मोजतो तिथे ओढली, म्हणून काम करणारे थ्रेड सुमारे ३८ टक्क्यांनी वाढले.

यापेक्षा मोठा फायदा वेळेत आहे, आणि तो रॅमच्या आकड्यात दिसत नाही. हॅकला जितका वेळ लागतो त्याच्या ३.२ पट ग्रोला आणि ४ पट वीकनला लागतो. हॅकचा एक थ्रेड सुरक्षा ०.००२ ने वाढवतो, ग्रोचा ०.००४ ने, आणि वीकनचा एक थ्रेड ती ०.०५ ने उतरवतो. म्हणजे हॅकच्या २५ थ्रेडनी केलेली वाढ फेडायला वीकनचा एक थ्रेड पुरतो. एकत्र फाइलीचे १३ थ्रेड एकाच वेळी एकच काम करतात. त्यांनी एकदा हॅक केलं तर सुरक्षा ०.०२६ ने वाढते, आणि ती उतरवायची वेळ आली की पुन्हा सगळे १३ थ्रेड सर्वांत संथ कामाला जुंपले जातात, खरं तर तिथे एक थ्रेड पुरून उरला असता. वेगळ्या फाइली असल्या की प्रत्येक कामाला लागतील तेवढेच थ्रेड देता येतात, आणि वीकन चालू असतानाच हॅकही चालू राहतं. कामांचं प्रमाण आणि काळ वेगळे असतील तर ती कामं वेगळ्या फाइलींत जावीत, हा या उदाहरणातून निघणारा धडा रॅमच्या बचतीपेक्षा टिकाऊ आहे. रॅमचे आकडे गेमच्या पुढच्या आवृत्तीत बदलू शकतील, हा धडा बदलणार नाही.

यावर रास्त आक्षेप असा आहे की तीन कामगार फाइलींना हुकूम देणारी चौथी फाइल लागते, तिचा खर्च कोण धरणार? तो धरलाच पाहिजे. दुसरी स्क्रिप्ट सुरू करणाऱ्या एक्झेक फंक्शनला १.३ जीबी लागतात. मूळचे १.६, स्थिती विचारणारी चार फंक्शनं मिळून ०.४ आणि काम संपलं का हे पाहणारं ०.१ धरलं, तर व्यवस्थापक फाइल ३.४ जीबीची होते. ही रॅम ती झोपलेली असतानाही अडवून ठेवते. खेळाच्या सुरुवातीला मिळणाऱ्या ८ जीबीच्या घरच्या मशीनवर व्यवस्थापक बसवला तर ४.६ जीबी उरतात, त्यात कामगारांचे फक्त २ थ्रेड मावतात. सगळं पोटात असलेली फाइल तिथे ३ थ्रेड चालवते. म्हणजे इतक्या लहान मशीनवर तुकडे करणं तोट्याचंच आहे. १६ जीबीवर मात्र ६ विरुद्ध ७ अशी बाजू पालटते, ३२ वर १३ विरुद्ध १६, आणि ६४ वर २६ विरुद्ध ३४. एकच व्यवस्थापक इतर अनेक सर्व्हरवर कामगार पाठवू लागला की त्याचा खर्च सगळ्यांत विभागून नगण्य होतो. तेव्हा ‘वेगळ्या फाइली नेहमीच चांगल्या’ आणि ‘एकच फाइल बरी’ ही दोन्ही वाक्यं मशीनचा आकार न सांगता उच्चारणं निरर्थक आहे. नवशिक्याने पहिल्या ८ जीबीवर एकच फाइल ठेवावी आणि रॅम वाढवल्यावर तिचे तुकडे करावेत.

व्यवस्थापक हलका ठेवण्यासाठी आणखी एक विभागणी करण्यासारखी आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कामगार फाइली दुसऱ्या सर्व्हरवर नेणाऱ्या फंक्शनला ०.६ जीबी लागतात. ते व्यवस्थापकात ठेवलं तर एकदाच करायच्या कामासाठी ती रॅम कायमची अडकते. तेच मांडामांड करणाऱ्या निराळ्या फाइलीत ठेवा. ती चालेल, फाइली वाटेल आणि संपेल, आणि संपली की तिची सगळी रॅम मोकळी होईल. एकदाच लागणारं, अधूनमधून लागणारं आणि सतत चालणारं अशा आयुर्मानावर कोड विभागण्याची सवय कोणत्याही गेममध्ये उपयोगी पडते. पुष्कळ जण विषयवार विभागणी करतात, म्हणजे पैशाचं सगळं एका फाइलीत, सर्व्हरचं सगळं दुसरीत. वाचायला ती छान असते, पण रॅमच्या हिशेबाला तिचा उपयोग नाही, कारण प्रत्येक फाइलीत महागडी आणि स्वस्त फंक्शनं शेजारी शेजारी येऊन बसतात.

इथे इम्पोर्टचा भ्रमही दूर करायला हवा. एक मोठी ‘उपयोगी’ फाइल लिहायची, तिच्यात सगळी मदतनीस फंक्शनं ठेवायची आणि प्रत्येक स्क्रिप्टने ती इम्पोर्ट करायची, ही रचना नीटनेटकी दिसते. पण इम्पोर्ट केलेलं फंक्शन आतून जी महागडी फंक्शनं बोलावतं त्यांची रॅम इम्पोर्ट करणाऱ्या स्क्रिप्टच्या खाती पडते. गेम स्क्रिप्ट चालवून हा हिशेब करत नाही, कोड वाचूनच करतो. त्यामुळे कधीही खरी न होणाऱ्या अटीच्या आत एखादं फंक्शन पडून असलं तरी त्याची रॅम मोजावीच लागते. म्हणून इम्पोर्ट करताना हव्या त्या फंक्शनचं नाव घेऊन तेवढंच आणावं, अख्खी फाइल सरसकट आणू नये. आकडेमोड, मजकुराची मांडणी, यादी लावणं अशी गेमचं कोणतंही फंक्शन न लागणारी कामं एका फाइलीत ठेवली तर ती कितीही जणांनी आणली तरी रॅम वाढत नाही. जी माहिती विचारायला रॅम लागते ती व्यवस्थापकाने एकदा विचारावी आणि कामगाराला सुरू करतानाच आर्ग्युमेंट म्हणून द्यावी. कामगाराला फक्त ‘कुणावर’ आणि ‘किती वेळाने’ एवढंच कळलं तरी पुरतं.

आता दुसरा आणि जास्त ऐकू येणारा आक्षेप. फाइली वाढल्या की डिस्कवरून पुन्हा पुन्हा वाचन होतं आणि स्क्रिप्ट मंदावते, असं म्हणतात. बहुतेक भाषांच्या बाबतीत हे खरं नाही. लुआमध्ये रिक्वायरने आणलेलं मॉड्यूल एकदा वाचलं की नोंदवून ठेवलं जातं. दुसऱ्यांदा मागितलं तर तेच परत मिळतं, फाइल पुन्हा उघडली जात नाही. पायथनचं इम्पोर्टही असंच आहे, शिवाय तिथे रूपांतरित कोड डिस्कवर साठवलेला असल्यामुळे पुढच्या वेळची सुरुवात आणखी लवकर होते. फॅक्टोरिओ या गेममध्ये लुआच्या फाइली गेम चढतानाच आणाव्या लागतात, खेळ चालू असताना रिक्वायर करूच देत नाहीत. ऑटोहॉटकीचं इन्क्लूड तर त्या जागी मजकूर चिकटवल्यासारखंच वागतं. म्हणजे खर्च आहे तो सुरुवातीच्या क्षणी, एकदाच. डिस्कचा खरा त्रास होतो तो दोन ठिकाणी. लुआमध्ये रिक्वायरऐवजी डूफाइल वापरून ते लूपच्या आत ठेवलं तर प्रत्येक फेरीला फाइल नव्याने वाचली आणि बांधली जाते. आणि प्रत्येक लहान कामासाठी पायथनची निराळी स्क्रिप्ट निराळी प्रोसेस म्हणून सुरू केली तर दर वेळी पायथन मुळापासून उठतो. या दोन्ही चुका दुरुस्त करायला फाइली एकत्र करण्याची गरज नाही. आणण्याची ओळ लूपच्या बाहेर काढली की काम होतं.

स्क्रीप्स या जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या गेमच्या खेळाडूंत याच आक्षेपावर पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते. तिथे दर टिकला, म्हणजे गेमच्या प्रत्येक फेरीला, तुमच्या जावास्क्रिप्टला किती मिलिसेकंद सीपीयू मिळणार हे ठरलेलं असतं. सदस्यत्व नसेल तर २०. वाचलेला वेळ १०,००० पर्यंत साठतो आणि गरजेला एका टिकमध्ये ५०० पर्यंत वापरता येतो. तिथेही मॉड्यूल एकदा चढल्यावर पुढच्या टिकला तसंच हाताशी असतं. ते नव्याने चढवावं लागतं ते कोड बदलल्यावर किंवा सर्व्हरने तुमचं वातावरण नव्याने उभारल्यावर. अशा टिकला जास्त फाइली असल्याचा खर्च दिसतो हे मान्य, आणि त्यासाठीच अनुभवी खेळाडू लिहिताना फाइली वेगळ्या ठेवतात आणि चढवण्यापूर्वी रोलअपसारख्या साधनाने त्यांची एकच फाइल बांधतात. पण रोजचा मोठा खर्च बहुतेक वेळा भलतीकडेच असतो. कायमच्या साठवणीची मेमरी मजकुराच्या रूपात ठेवलेली असते, आणि टिकमध्ये तिला पहिला हात लागला की ती सगळी वाचून उलगडावी लागते. तिची मर्यादा २ एमबी आहे. ती भरत आली असेल तर फाइली पाच आहेत की पन्नास याने काही फरक पडत नाही. जुन्या, मेलेल्या क्रीपच्या, म्हणजे खेळातल्या तुमच्या प्याद्यांच्या, नोंदी तिच्यातून काढून टाकण्याने जो सीपीयू वाचेल तो फाइली एकत्र केल्याने वाचणार नाही.

वेगळ्या फाइलीतलं फंक्शन बोलावणं महाग पडतं, ही तिसरी शंका अर्धी खरी आहे. लुआमध्ये दुसऱ्या मॉड्यूलमधलं फंक्शन बोलावताना आधी टेबलमध्ये त्याचं नाव शोधावं लागतं, आणि लोकल व्हेरिएबल त्याहून लवकर हाती येतं. लूप लाखो वेळा फिरणार असेल तर हे जाणवतं. उपाय एका ओळीचा आहे. लूपच्या आधी ते फंक्शन लोकल नावात घेऊन ठेवा. उलट सगळं एकाच फाइलीत ठेवण्याचा हट्ट धरणाऱ्याला लुआ स्वतःच अडवते, कारण एका फंक्शनमध्ये २०० पेक्षा जास्त लोकल व्हेरिएबल चालत नाहीत, आणि फाइलीचा सर्वांत बाहेरचा भागही त्या दृष्टीने एक फंक्शनच असतो. मोठ्या मॉडचा लेखक तिथे पोहोचला की कोड कुठेतरी वेगळा काढण्याशिवाय गत्यंतर नसतं.

गेममधली रॅम आणि तुमच्या मशीनची रॅम या दोन गोष्टी एक समजू नका. बिटबर्नरमधले १.७५ जीबी हा खेळाचा नियम आहे, तुमच्या लॅपटॉपमधून तेवढी जागा जात नाही. पण प्रत्येक चालू स्क्रिप्ट ब्राउझरला खरोखरच सांभाळावी लागते. बारीक बारीक स्क्रिप्ट हजारोंच्या संख्येने सुरू केल्या की गेममध्ये रॅम शिल्लक असूनही पडदा अडकू लागतो. घरात ४ जीबीचा जुना लॅपटॉप असेल तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. म्हणून एका थ्रेडच्या १०० प्रती सुरू करण्याऐवजी १०० थ्रेडची एक प्रत सुरू करा. गेमच्या हिशेबात रॅम तेवढीच लागते आणि ब्राउझरवरचा भार शंभराव्या हिश्श्यावर येतो. तुकडे करताना मनात दोन वह्या ठेवाव्या लागतात, एक गेमच्या नियमांची आणि एक खऱ्या मशीनची. एकीत बचत करताना दुसरीत कर्ज होत नाही ना, हे पाहिलंच पाहिजे.

हे सगळं ज्या गेममध्ये स्क्रिप्ट चालवायला परवानगी आहे त्यांच्यापुरतंच आहे. इतर माणसं खेळत असलेल्या ऑनलाइन गेममध्ये नियम मोडून स्क्रिप्ट चालवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि खातं बंद होण्याचा धोकाही तुमचाच. बिटबर्नर, स्क्रीप्स आणि एकट्याने खेळायचे मॉड चालणारे गेम एवढं मैदान शिकायला भरपूर आहे.

तुकडे करायला बसण्याआधी मोजमाप घ्या, आणि ते बदलाच्या दोन्ही बाजूंना घ्या. बिटबर्नरच्या टर्मिनलवर मेम ही आज्ञा फाइलीच्या नावासह दिली की कोणत्या फंक्शनने किती रॅम घेतली हे वेगवेगळं दिसतं. त्यातलं सर्वांत महाग फंक्शन सतत लागतं की क्वचित, एवढं पाहिलं तरी रेघ कुठे ओढायची हे बहुधा लगेच कळतं. स्क्रीप्समध्ये टिकच्या सुरुवातीला, मेमरीला पहिला हात लागल्यावर आणि शेवटी असं तीनदा वापरलेल्या सीपीयूचं माप छापा. पायथनमध्ये इम्पोर्टटाइम हा पर्याय देऊन स्क्रिप्ट चालवली की कोणत्या मॉड्यूलने सुरुवातीला किती वेळ खाल्ला याची यादी मिळते. लुआमध्ये, जिथे गेम परवानगी देतो तिथे, लूपच्या आधी आणि नंतर घड्याळ वाचा. एका वेळी एकच बदल करा, आणि एका फेरीच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, कारण पहिल्या फेरीत फाइली चढण्याचा खर्च मिसळलेला असतो. पुढच्या फेऱ्यांत फरक दिसला नाही तर ती विभागणी वाचण्याच्या सोयीची आहे असं समजा आणि वाचायला सोपी होते का एवढ्यावरच ती ठेवायची की नाही ते ठरवा.